पेढ्याएवढी आत्या

माझी कुमुदआत्या सांता क्लाराला पहिल्यांदा गेली ती टपालानं. कापसात गुंडाळून, पत्र्याच्या डबीत घालून, वर रजिस्टर्डचा शिक्का मारून. पुढे काही महिन्यांनी ती विमानानंही गेली, अख्खी, दोन बॅगा आणि एक पोळपाट घेऊन, पण ती दुसरी खेप. पहिल्या खेपेला ती पेढ्याएवढी होती, आणि तिला तेवढी मी केली होती.

हे मी सांगायला लागले की घरातली पोरं एकमेकांकडे बघतात. आत्याची नात रिया सनीव्हेलला असते, ती तर तोंडावर सांगते, "आजी, यू आर मेकिंग धिस अप." मी अप-बिप काही करत नाही. आमटीत गुळाचा खडा घालतात तेवढंच माझं घालणं. आमटी आमटीच राहते. रियाच्या फोनमध्ये तिचे स्वतःचेच काही हजार फोटो आहेत. त्यातला तुझा आवडता दाखव म्हटलं तर ती अर्धा तास अंगठा फिरवत बसते, माझा चहा गार होतो, आणि शेवटी ती कुठल्याशा कॉफीच्या कपाचा फोटो दाखवते. म्हणून तिच्यासाठी, आणि ज्यांना खरं वाटत नाही त्या सगळ्यांसाठी, हे एकदा कागदावर घालून ठेवते.

आम्ही ओहायोत डब्लिनला राहत होतो. मी अजून त्याच घरात आहे. तेव्हा घरामागे मक्याचं शेत होतं, आता दातांचा दवाखाना आहे. बाबा भूल देणारे डॉक्टर. दिवसभर ते माणसं झोपवून यायचे, आणि घरी आल्यावर त्यांना स्वतःला डुलकी काढायला जागा नसायची, इतका आमच्या घराला आवाज होता. प्रेशर कुकर तर होताच, पण मुख्य वाद्य म्हणजे स्वयंपाकघराबाहेर छताला लावलेला धुराचा भोंगा. तो ज्या अमेरिकन माणसानं शोधून काढला त्यानं तो आगीसाठी काढला होता. आमच्याकडे तो जेवणासाठी वाजे. आत्यानं कढईत मोहरी टाकली, तिच्यामागून लाल मिरच्या टाकल्या, की भोंगा कोकलायला लागायचा. मी खुर्चीवर चढून टॉवेलनं त्याला वारा घालायचे, आई दारं-खिडक्या उघडायची, आणि बाबा तळघरातून ओरडायचे, "पानं घेतली का?" एकदा आत्यानं वडाभातासाठी असं काही तेल तापवलं की शेजाऱ्यांनी फोन केला आणि लाल बंब दारात आला. सहा धिप्पाड माणसं शिरस्त्राणं घालून आत आली आणि तासाभरानं, वडाभात जेवून, वर ताक पिऊन, शिरस्त्राणं काखेत धरून गेली. पुढे कित्येक महिने तो बंब आमच्या रस्त्यावरून जाताना उगाचच हळू व्हायचा. हे बाबांनासुद्धा मान्य होतं, आणि बाबा माझं काहीही मान्य करत नसत.

आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. नागपूरला शाळेत गणित शिकवायची. आजी-आजोबा गेल्यावर बाबांनी तिला आमच्याकडे आणलं. वय तेहतीस, आणि लग्न व्हायचं होतं. ते आईला रोज सकाळी आणि बाबांना महिन्यातून एकदा आठवायचं. आत्याचं हसणं मी कागदावर लिहून दाखवू शकत नाही. ते पोटातून निघायचं, खांद्यांपर्यंत यायचं, तिथं अडायचं, आणि मग एकदम सुटायचं, की मक्यातले कावळे उडायचे. मी एकुलती एक होते आणि ती माझी बहीण, मैत्रीण, मास्तरीण, सगळं होती. रात्री आम्ही एकाच खोलीत झोपायचो आणि ती मला बीजगणित विनोदासारखं सांगायची.

असं हे माणूस कॅमेरा दिसला की मरायचं. दुसरा शब्द नाही. समोर भिंग आलं की तिचे खांदे कानांना लागायचे, ओठ आत जायचे आणि बटण दाबायच्या नेमक्या क्षणाला डोळे मिटायचे. नागपूरला दाखवायचे म्हणून तिचे जेवढे फोटो काढले त्या सगळ्यांत ती एक तर मिटलेली होती किंवा दचकलेली. विमानतळावरच्या माणसानं तिचा पासपोर्ट उघडला तेव्हा एकदा फोटोकडे, एकदा तिच्याकडे बघून तो म्हणाला होता, "मॅडम, आता बरं वाटतंय ना?" आणि हेच फोटो स्थळांना जायचे. ते परत यायचे. पाकिटात कुंकू लावून गेलेला फोटो कुंकवासकट परत यायचा, सोबत दोन ओळी, पत्रिका जुळत नाही म्हणून. आत्या म्हणायची, "पत्रिका नाही बाप्पा, पापण्या जुळतात माझ्या, तेच नडतं." आणि हसायची. पण तो परत आलेला फोटो ती कुठं ठेवते ते मला माहीत होतं. गणिताच्या जुन्या पुस्तकात, शेवटच्या पानापाशी. तिथं पुस्तक फुगलं होतं.

आता विगिन्सबाई. आमच्या शेजारच्या, पंचाहत्तरीच्या, उंच, वाळलेल्या, आणि बहुतेक बहिऱ्या, म्हणून आमच्या भोंग्याबद्दल त्यांची कधी तक्रार नव्हती. त्या हातात मावतील एवढीच चित्रं काढायच्या. चित्रकला त्यांच्या घरात पिढ्यांपासून चालत आलेली, आणि त्यांच्या बैठकीत एका काचेच्या कपाटात अशी वीस-बावीस माणसं मांडून ठेवलेली: पेढ्याएवढी, बोराएवढी, एक तर चिंचोक्याएवढं. मी शाळेतून येताना तिथं बिस्किटांसाठी जायचे. पहिल्या दिवशी मी बिस्किटं खाऊन आले, दुसऱ्या दिवशी बाईंनी माझ्या हातात भिंग दिलं, आणि त्यानंतर मी तिथं बिस्किटं विसरून बसायला लागले. ज्यांनी मला खाताना पाहिलं आहे त्यांना ह्या वाक्याची किंमत कळेल.

भिंगाखाली ती माणसं जिवंत व्हायची. गालाला रंग लावलेला नव्हताच. हजारो ठिपके होते, निळसर, गुलाबी, पिवळे, आणि त्यांच्या मधून खालचा हस्तिदंत कातडीसारखा उजळत होता. बाई सांगायच्या, "फोटो नव्हते तेव्हा माणूस गेला म्हणजे गेला. मुलगा गलबतावर चढला की आईला त्याचं नाक आठवायचं, पण नाकाखालचं हसू महिन्याभरात पुसट व्हायचं. म्हणून हे करून घ्यायचे. भिंतीवरचं मोठं चित्र चार लोकांनी बघायचं असतं. हे एकानंच बघायचं. पत्र वाचताना कागद जेवढ्या अंतरावर धरतो ना, तेवढ्या अंतरावर." त्यांनी मला एक लॉकेट दाखवलं. त्यात फक्त एक डोळा काढलेला होता. चेहरा नाही, नाव नाही. ज्याला तो डोळा ओळखता येईल त्याच्यासाठीच तो होता. बाकीच्यांना वाटावं दागिना आहे. कुणी गळ्यात घालायचं पण चित्र आतल्या बाजूला, छातीकडे तोंड करून. आणि प्रत्येक चित्राच्या मागच्या बाजूला, काचेखाली, त्या माणसाच्या केसांची एक बट, वळवून, दोऱ्यानं बांधलेली. "कारण बाकीचं सगळं बदलतं," बाई म्हणाल्या. "केस तेवढे तसेच राहतात." राजेलोकांच्या सोयरिकीसुद्धा अशाच व्हायच्या: दूत डबीत राजकन्या घेऊन जायचा, राजा भिंगातून बघायचा. एका राजाला म्हणे चित्रकारानं जरा जास्तच गोड करून दाखवली आणि लग्नाच्या दिवशी जो गोंधळ झाला तो देशभर पुरला. घरी येऊन मी हे सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "त्यात काय नवल, आपल्याकडेही राजेरजवाड्यांत चित्रं फिरायची. गरिबाला कोण काढतंय? गरीब मुलगी कांदेपोहे घेऊन स्वतःच फिरायची."

ह्या बाईंनी मला वर्षभर नुसते ठिपके द्यायला लावलं. एक नाक, तीन महिने. लोकांना वाटतं अशी चित्रं एका केसाच्या ब्रशानं काढतात. तसं नसतं, ब्रश चांगला जाड पोटाचा असतो, टोक तेवढं सुईसारखं. आणि मला एक खोड होती. ब्रशाचं टोक खाली आलं की माझी जीभ बाहेर यायची. उजव्या बाजूनं, हनुवटीपर्यंत. मला त्याचा पत्ता नसायचा.

आणि मग सांता क्लाराचं स्थळ आलं. मनोहर साठे, चिप बनवणाऱ्या कंपनीत इंजिनियर, वय अडतीस, सोबत आई. फोटो आला होता: दाट, मागे वळवलेले केस, अशा केसांचा माणूस मी तोवर फक्त शाम्पूच्या जाहिरातीत पाहिला होता. आईनं फोटो देवापुढं ठेवला. पत्रात खाली त्यांच्या आईनं लिहिलं होतं, "मुलीचा अलीकडचा फोटो धाडावा."

जेवताना भांडण झालं. बाबा म्हणाले, चांगल्या स्टुडिओत नेऊ. आत्या म्हणाली, "दादा, मी डोळे मिटण्यासाठी एवढे पैसे कशाला? घरीच मिटते." आणि ह्या वेळी ती हसली नाही. भाताचं शीत बोटानं ताटाच्या कडेला लावत राहिली. म्हणाली, "एकदा तरी असं व्हावं गं वहिनी. मी घाबरलेली नसताना कुणीतरी मला बघावं. मग नाही म्हणू दे."

"मी काढते," मी म्हणाले.

"काय काढतेस?" आई म्हणाली.

"आत्याला."

आई म्हणाली, स्थळाला कुणी चित्र पाठवतं का, ते काय आपल्याला संस्थानिक समजतील? बाबा म्हणाले, तू अजून नाकावरच आहेस ना? पण आत्या माझ्याकडे बघत होती. "शाले," ती म्हणाली, "एक अट. गोड करायचं नाही. माझा डावा डोळा बारका आहे, तो बारकाच पाहिजे. भुवईतली खोक पाहिजे. मी त्याच्या दारात उभी राहीन तेव्हा त्याला वाटलं पाहिजे, हीच ती."

नवा हस्तिदंत विकत आणायचा नाही, असा विगिन्सबाईंचा नियम होता. त्यांच्या जुन्या पियानोची उजवीकडची शेवटची पट्टी सैल झाली होती, तिचा हस्तिदंत त्यांनी सोलून दिला. ("तिथवर माझा हात कधी पोचलाच नाही," बाई म्हणाल्या.) मी तो बारीक भुकटीनं घासून त्याचा तुळतुळीतपणा घालवला, कातरला, गोल केला. आमच्या स्वयंपाकघराच्या उत्तरेच्या खिडकीशी टेबल लावलं. आत्या समोर बसली. पहिल्या दिवशी तिचे खांदे कानाला लागलेलेच होते. मी बघत राहिले, तिनं डोळे मिटले. मी थांबले, तिनं उघडले. इथं बटण नव्हतं ना! मिटायचा क्षणच नव्हता. दहा मिनिटं घाबरता येतं, फार तर वीस. चौथ्या दिवशी ती घाबरायचं विसरली. डाळ निवडत बसायची आणि अधूनमधून माझ्याकडे बघून ओठाचा कोपरा दाबायची. मला वाटायचं, बसून कंटाळलीय.

इथं एक कबुली, जी मी आत्यालाही तिच्या साठीपर्यंत दिली नव्हती. ओठांपाशी आले तेव्हा माझा हात थांबला. ही गेली की माझ्या खोलीतला दुसरा पलंग रिकामा होणार होता. मला माहीत होतं की उजव्या कोपऱ्यात खाली दोन ठिपके दिले, फक्त दोन, की ही बाई खडूस दिसेल, जन्माची खडूस, आणि डबी कुंकवासकट परत येईल. कुणाला कळणारही नव्हतं. डावा डोळा बारीक, भुवईत खोक, सगळं अटीप्रमाणे. मी ब्रश बुडवला. वर बघितलं. आत्या डाळीतला खडा चिमटीत धरून माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर ते हसू खांद्यापर्यंत येऊन अडलेलं होतं. ते काढायचं सोडून मी दुसरं काही काढलं असतं तर हात झडला असता. दोन ठिपके मी दिले, पण वर. शेवटी बाईंनी शिकवल्याप्रमाणे बुबुळात खिडकीचं प्रतिबिंब दिलं: एक पांढरा ठिपका, त्याच्यापुढं एक काळा. तो काळा म्हणजे खिडकीशी बसलेली मी. ती जाण्याआधी तिच्या डोळ्यात मी तेवढी जागा अडवून ठेवली.

चित्र पाहून बाबांनी चष्मा काढला, पुसला, घातला, परत काढला. आईनं दृष्ट काढली, चित्राची. बाईंनी एक जुनी पितळी लॉकेटची चौकट दिली, दोन्ही बाजूंनी काच असलेली. आणि मी, सोळा वर्षांची, सगळं रीतीप्रमाणे करणारी, आत्या झोपलेली असताना तिच्या वेणीतली एक बट कापली, वळवली, आईच्या शिवणाच्या डब्यातला दोरा घेऊन बांधली आणि मागच्या काचेखाली बसवली. कुणाला सांगितलं नाही. दोरा लाल होता.

डबी टपालात टाकली त्याच्या आठव्या दिवशी फोन वाजला. आमचा फोन स्वयंपाकघराच्या भिंतीवर, त्यामुळे पलीकडच्या माणसाचा आवाज चढला की तो कढईपर्यंत यायचा. साठेकाकूंचा तर मागच्या मक्यापर्यंत गेला असेल.

"डॉक्टरसाहेब, आम्ही सरळमार्गी माणसं आहोत. फोटोऐवजी तुम्ही बाहुली पाठवलीत, ते मी समजून घेतलं, म्हटलं असेल काही अडचण. पण मागे केस? बाईमाणसाचे केस? लाल दोऱ्यानं बांधून? ही करणी तुम्ही कुठून शिकून आलात?"

"करणी?" बाबा म्हणाले. भूल देणाऱ्या माणसाला स्वतःला भूल चढताना मी तेव्हा पाहिली.

"मी चिमट्यानं उचलून बाल्कनीत ठेवलंय. वर लिंबू आणि सात मिरच्या ठेवल्यात. मीठमोहऱ्या मनोहरवरून उतरवून टाकल्यात. दोन-चार दिवसांत परत पाठवते." आणि फोन आपटला. सांता क्लारात लिंबं माणसांच्या अंगणात लागतात, त्यामुळे तिकडून काही कमी पडायची शक्यता नव्हती.

आई माझ्याकडे वळली. "केस? भातात केस निघाला तर माणूस पानावरून उठतो, आणि तू सोयरिकीत घातलास?" मी विगिन्सबाईंचं सगळं सांगितलं, गलबतं, मुलगे, केस तसेच राहतात वगैरे. आई म्हणाली, "त्यांच्याकडे राहत असतील. आपल्याकडे केस म्हणजे एक तर नवस, नाही तर करणी." हे खरं होतं आणि ते मला माहीत असायला हवं होतं. दोन देशांच्या मधोमध वाढलं की असं होतं: एकीकडची रीत उचलावी, दुसरीकडं पोचवावी, आणि वाटेत तिचा अर्थ फिरून बसावा.

आत्या गॅसकडे वळली. तिनं त्या दिवशी मुगाची खिचडी टाकली, फोडणीशिवाय. दुसऱ्या दिवशीही. चार दिवस आमचा भोंगा वाजला नाही. बाबांनी खुर्चीवर चढून त्याची बॅटरी तपासली. बंबवालेसुद्धा, मी शपथेवर सांगते, एकदा येऊन घरापुढं थांबून गेले. मी आत्याचे पाय धरले तेव्हा ती म्हणाली, "काहून रडतेस पोट्टे? चित्र चांगलं होतं." होतं म्हणाली. मला ते 'होतं' लागलं. गणिताच्या पुस्तकात आता डबी काही मावली नसती.

पाचव्या दिवशी संध्याकाळी फोन आला. मी उचलला.

"मी मनोहर साठे बोलतोय," एक चाचरता आवाज म्हणाला. "ते चित्र कुणी काढलं?"

"मी. सॉरी काका. केस मी घातले. आत्याला माहीतही नव्हतं."

"केसांचं राहू द्या. आईनं ते बाल्कनीत ठेवलं होतं. मी डब्याच्या पिशवीतून ऑफिसला नेलं. आमच्याकडे मायक्रोस्कोप असतो, चिपच्या रेघा तपासायला. त्याच्याखाली ठेवलं. मी दिवसभर रेघा बघतो हो. सरळ रेघा. आज पहिल्यांदा त्याच्याखाली माणूस आलं. लंचला गेलोच नाही. पूर्ण टीम बघून गेली. ह्या बाईंच्या ओठाच्या उजव्या कोपऱ्यात दोन ठिपके आहेत, ते बाकीच्यांपेक्षा वर आहेत. बरोबर?"

"बरोबर."

"म्हणजे त्या हसू दाबताहेत. आणि डोळ्यात एक खिडकी आहे. खिडकीपुढे कुणीतरी बसलंय, आणि त्याच्या तोंडातून काहीतरी लोंबतंय."

आता मी एकच काळा ठिपका दिला होता. एक. पण माणसानं मनापासून बघायचं ठरवलं तर एका ठिपक्यात काय काय दिसतं, त्याला मी तरी काय करणार? रियाला नेमकं हेच खरं वाटत नाही.

"मला एवढंच विचारायचं होतं," तो म्हणाला, "त्या कशाला हसताहेत?"

मी रिसीव्हर आत्यापुढं धरला. तिनं हात पदराला पुसले, घेतला, ऐकलं. तिच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. आणि आपल्या होणाऱ्या नवऱ्याशी ती आयुष्यातलं पहिलं वाक्य बोलली, "फोनवर सांगण्यासारखं नाही. येऊन बघा."

ते आले. दोघंही. कोलंबसच्या विमानतळावर आम्ही चौघं त्या शाम्पूच्या केसांचा माणूस शोधत उभे होतो. माणसं येत होती, जात होती. दाट केसांचा एक जण आला, बाबा त्याला हार घालायला निघाले, तो स्पॅनिश निघाला. तेवढ्यात पार लांबून, बॅगांच्या पट्ट्याच्या पलीकडून, एक चकचकीत टकलाचा गृहस्थ सरळ आमच्या दिशेनं चालत आला. इकडंतिकडं न बघता, पट्ट्याला वळसा घालून, थेट आत्यापुढं येऊन थांबला. तिच्या भुवईतल्या खोकेकडे बघितलं, बारक्या डोळ्याकडे बघितलं.

"ह्याच त्या," तो म्हणाला.

आम्ही अजून त्याला ओळखलं नव्हतं. मागून साठेकाकू आल्या, पर्स छातीशी धरून. पर्समधून लिंबाचा वास येत होता. आईनं एकदा टकलाकडे, एकदा त्यांच्याकडे बघितलं आणि साखरेच्या आवाजात विचारलं, "फोटो अलीकडचा ना, माई?"

"कॉलेजातला आहे," साठेकाकू जमिनीकडे बघत म्हणाल्या. "त्यात तो जरा... भरलेला दिसतो." त्या क्षणापासून करणीचा विषय साठेकाकूंनी काढला नाही.

घरी आल्यावर चहा झाला, पोहे झाले, मग मनोहरकाका हात मांडीवर ठेवून म्हणाले, "तर त्या हसण्याचं?" आत्या म्हणाली, "शाले, रंग आण. ह्यांना काढ." मला वाटलं थट्टा आहे. पण तिनं खिडकीशी टेबल ओढलं, त्यांना समोर बसवलं, आणि पियानोची दुसरी पट्टी विगिन्सबाई स्वतः घेऊन आल्या. त्यांना एवढा मोठा प्रसंग चुकवायचा नव्हता. मी भिंग लावलं, ब्रशाचं टोक ओलं केलं, खाली वाकले. मग मनोहरकाकांच्या घशातून एक चमत्कारिक आवाज आला. मी वर बघितलं. त्यांचे ओठ दाबलेले, टक्कल लाल झालेलं, डोळ्यांत पाणी.

"काय झालं?" मी विचारलं. जीभ बाहेर ठेवूनच विचारलं असणार, कारण त्यांचा बांध फुटला. आणि त्यांच्या मागोमाग आत्याचं ते हसू, पोटातून, खांद्यापर्यंत, आणि सुटलं! कावळे उडाले. साठेकाकूंची पर्स खाली पडली आणि लिंबू टेबलाखालून घरंगळत विगिन्सबाईंच्या पायाशी गेलं. बाईंनी उचलून ते मोठ्या आदरानं चहात पिळलं. ह्या सगळ्यात गॅसवरच्या मिरच्या कुणी बघितल्या नाहीत, आणि चार आठवड्यांच्या आजाऱ्यानं उठून बसावं तसा आमचा भोंगा कोकलला. बाबा तळघरातून ओरडले, "पानं घेतली का?"

ते तीन दिवस राहिले. तीन दिवसांत असं चित्र होत नाही; मी केलं. त्यात काकांचा एक कान जरा घाईत झालाय, त्याबद्दल त्यांनी पुढली पस्तीस वर्षं मला ऐकवलं. आत्याचं चित्र त्यांनी रोज शर्टाच्या खिशात ठेवलं, पेनांच्या मागे, तोंड आतल्या बाजूला. हे मी त्यांना शिकवलं नव्हतं. काका वारल्यापासून दोन्ही चित्रं आत्याकडे एका डबीत असतात, एकमेकांकडे तोंड करून, ब्याऐंशीची आहे ती, दर रविवारी मला फोन करते आणि आधी विचारते, "भोंगा वाजला काय गं?" दुसरा पलंग मी त्या वर्षी रंगांसाठी घेतला. रिकामा तो एक दिवससुद्धा राहिला नाही.

पण शेवटच्या सकाळचं सांगायचं राहिलं. बॅगा दारात होत्या. काकांचं चित्र मी चौकटीत बसवलं, पुढची काच लावली, आणि मागची बाजू रिकामी ठेवून ते आत्याच्या हातात द्यायला गेले. एकदा पोळले होते ना. साठेकाकूंनी मध्येच हात घातला. चौकट उलटी करून पाहिली.

"ह्यात काही नाही?"

"नको म्हटलं, काकू," मी म्हणाले.

त्या उठल्या. मुलाच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. काकांच्या त्या लखलखीत डोक्याच्या कडेला, कानामागे, मोजून सात केस उरले होते. मी मोजले होते, मला काढायचे होते. काकूंनी त्यांतला सगळ्यात लांब निवडला आणि एका झटक्यात उपटला. "आई गं!" काका ओरडले.

"गप रे," काकू म्हणाल्या. "करणी व्हायचीच असेल तर दोन्हीकडून होऊ दे." केस बोटाभोवती नीट वळवत त्यांनी माझ्या आईकडे हात पुढे केला. "तो लाल दोरा आहे ना अजून घरात?"